गिट्टीच आहे, सर

समोरची काच फुटलेली गाडी दुकानापुढे येऊन थांबली, की गाडीवाला खाली उतरायच्या आतच त्याचं पहिलं वाक्य मला ठाऊक असायचं. मराठी माणूस असला तर, "ट्रकची गिट्टी लागली हो." नाहीतर, "काय बड्डे, ट्रक से गिट्टी उचट गई, देख लो जरा." आमच्या जबलपुरात बांधकामाच्या खडीला गिट्टी म्हणतात, आणि 'बड्डे' म्हणजे मोठा भाऊ. मी हातातलं फडकं खांद्यावर टाकायचो, काचेजवळ वाकायचो, डोळे बारीक करायचो आणि म्हणायचो, "हओ, गिट्टीच आहे."

दमोह नाक्याजवळ गाड्यांच्या काचा बसवण्याचं आमचं दुकान आहे. आता ते माझी मुलगी प्राची चालवते. मी सकाळी जाऊन बसतो, चहा पितो आणि नको तिथे बोलतो, असं तिचं म्हणणं आहे. इथल्या मराठी मंडळाच्या चिटणीसांनी यंदा दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा बजावलं होतं, "वानखडेभाऊ, हसवणारं लिहा. लोक दिवाळीत वाचतात." हसवणारं पुष्कळ आहे आणि ते लिहिणारच आहे. पण राममिलन यादव नावाच्या एका डंपर ड्रायव्हरचं नाव माझ्या तोंडच्या दोन शब्दांनी खराब झालं, ते दुरुस्त करायचं आहे. मी खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो.

आधी धंदा थोडा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गाडीच्या बाजूच्या काचा फुटल्या की त्यांचा साबुदाणा होतो, सगळा चुरा सीटवर. समोरची काच तशी नसते. ती दोन काचांची असते आणि मधे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, म्हणून ती तडकते पण सांडत नाही. पूर्वी ही काच रबरात बसायची. रबराच्या खाचेत सुतळी घालायची, काच बाहेरून टेकवायची आणि आतल्या माणसानं सुतळी हळूहळू ओढत न्यायची, की रबर आपोआप काचेवर चढत जायचं. बघायला जमलेल्या लोकांना तो जादूचा प्रयोग वाटायचा. मीही तोंड जादूगारासारखं ठेवायचो. आता काच गोंदानं चिकटवतात. जुनी काढताना एक माणूस आत, एक बाहेर, आणि मधे तार धरून करवतीसारखी ओढायची. नवरा-बायकोचं भांडण असलं की त्यांनाच तार धरायला द्यावी, असं मला नेहमी वाटायचं.

गिट्टीचं म्हणाल, तर ट्रकच्या वरून थेट काचेवर पडणारी गिट्टी कमीच. बहुतेक वेळा ती आधी रस्त्यावर सांडलेली असते आणि पुढच्या गाडीचं चाक तिला उडवतं. ट्रकच्या मागच्या जोडचाकांच्या फटीत दगड अडकला असेल तर तो वेग आल्यावर गोफणीतून सुटल्यासारखा येतो. म्हणून ट्रकच्या मागे अंतर ठेवून चालवा, एवढा एकच उपदेश मी या लेखात करणार आहे.

गिट्टी लहान असते पण जोरात येते. त्यामुळे काचेच्या बाहेरच्या थरावर पेन्सिलच्या टोकानं कोरल्यासारखा खड्डा पडतो, खड्ड्यात पांढरी पूड असते आणि भोवती चांदणी उमटते. हात फिरवला की बोटाला टोचतं. जड वस्तू हळू पडली तर असा खड्डा पडत नाही. काच दबते, गोल गोल वळी उमटतात आणि आतल्या थरालाही भेग जाते. हे ओळखायला काही विद्या लागत नाही. महिनाभर दुकानात बसलेल्या कुणालाही येईल.

म्हणजे माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणाची काच खरोखर गिट्टीनं फुटली आहे आणि कुणाची नाही, हे मला दिसायचं. आणि मी तरीही "गिट्टीच आहे" म्हणायचो.

एक नवरदेव आला होता. फेटा, मुंडावळ्या, सगळा थाट, आणि गाडीच्या काचेचं जाळं झालेलं. सोबत त्याची मावशी. "मंडला रोडवर ट्रकनं गिट्टी उडवली," ती म्हणाली. काचेवर नारळाच्या शेंडीचे केस चिकटलेले होते आणि बॉनेटवर पाणी. कुणीतरी हौशीनं गाडीवरून नारळ ओवाळला होता आणि तो हातातून सुटला होता. नवरदेव माझ्याकडे बघत होता, मावशी आकाशाकडे. मी म्हणालो, "ट्रकवाले कुठे बघून चालवतात आजकाल." मावशीनं मला लग्नाचं आमंत्रण दिलं आणि मी गेलो.

दुसरे एक गृहस्थ पुरावा घेऊन आले होते. रुमालात बांधलेला दगड. "हा बघा, हाच लागला. मी गाडी थांबवून उचलून आणला." रुमाल सोडला तर आत गुळगुळीत, अंड्यासारखा गोटा. क्रशरमधून निघालेली गिट्टी धारदार, तिरकी-तारकी असते. हा गोटा ग्वारीघाटाचा होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी दगडाकडे बघितलं. मग त्यांनी त्याला नमस्कार केला, कारण नर्मदेचा दगड म्हणजे देव, आणि खिशात ठेवला. गाडीत मागच्या सीटवर त्यांचा नातू अगदी शहाण्यासारखा मांडी घालून बसला होता. मी म्हणालो, "ट्रकमध्ये नदीची वाळू असेल. वाळूत येतात असे गोटे." नातवानं मला पहिल्यांदाच हसून दाखवलं.

माझं म्हणणं असं होतं की काच तर बदलायचीच आहे, मग घरात भांडण कशाला लावायचं? ट्रक निघून गेलेला असतो. त्याचा ड्रायव्हर कोण, कुठला, कुणाला माहीत नसतं. सगळ्या घरांचा दोष त्या निघून गेलेल्या ट्रकवर टाकावा आणि सगळ्यांनी सुखानं जेवावं. पुढे पुढे तर आमच्या भागात वाद झाला की लोक म्हणायचे, "वानखडेकडे चला, तो काच बघून सांगेल." मी सांगितलं की सगळे मानायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे कबूल करतो.

आता डोंगरे सरांची गोष्ट.

डोंगरे सर नेपियर टाऊनमध्ये राहतात. कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी पांढरी गाडी घेतली आणि तिला दृष्ट लागू नये म्हणून की काय, कुणाला हात लावू देत नसत. काकूंनी पर्स बॉनेटवर ठेवली तरी ते ओरडायचे. रोज संध्याकाळी स्वतः फडक्यानं पुसायचे.

बरीच वर्षं झाली त्याला. एप्रिल संपत आला होता. भर दुपारी सरांची गाडी दुकानापुढे थांबली. समोरच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी भेग. सर ताडकन उतरले. काकू आतच बसून राहिल्या. मागे एक रिकामा डंपर येऊन थांबला, आणि त्याच्यामागे क्रशरच्या शेठची गाडी.

घडलं ते सरांनीच सांगितलं. ते दोघं सकाळी उशिरा कटनीला नातेवाइकांकडे जायला निघाले होते. उन्हं चढली तसा सरांनी एसी वाढवला. पनागरच्या पुढे गाडी या डंपरच्या मागे होती. रस्त्यावर आधीच गिट्टी सांडलेली, चाकाखाली कुरकुर चाललेली. तेवढ्यात खट्ट आवाज आला आणि डोळ्यांदेखत काचेवर रेघ धावत गेली. सरांनी डंपर गाठला, थांबवला, ड्रायव्हरकडून शेठला फोन लावला. शेठ कधीकाळी सरांच्याच वर्गात बसलेला. डंपर जागच्या जागी रिकामा करून तो सगळ्यांना घेऊन आला. म्हणाला, "सर, आपका काचवाला जो बोलेगा, वो मान लेंगे."

ड्रायव्हर म्हणजे राममिलन. चाळिशीचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. तो एवढंच म्हणत होता, "साहब, तिरपाल बँधी थी. चारों तरफ से बँधी थी. डाला भी बंद था. मेरी गाड़ी से कंकड़ नहीं गिरता."

डाला म्हणजे डंपरचा मागचा फाळका, आणि तिरपाल म्हणजे ताडपत्री. गिट्टी भरल्यावर ती वरून बांधायची असते. दहातले आठ ड्रायव्हर जवळच जायचं म्हणून बांधत नाहीत, दोघं नुसती पांघरतात. राममिलन दोन कोस जायचं असलं तरी दोर कसून बांधायचा आणि निघण्याआधी चाकांतले दगडही काढायचा, हे मला नंतर कळलं.

"बांधली असेल," सर म्हणाले. "पण भौतिक नियम तर बांधता येत नाहीत." त्यांनी माझ्या दुकानातून खडू मागून घेतला आणि फरशीवर डंपर काढला, गाडी काढली, वेग लिहिला, अंतर लिहिलं आणि गिट्टीचा वक्र मार्ग असा काही सुंदर काढला, की त्या गिट्टीला सरांच्या काचेखेरीज दुसरीकडे जायला जागाच उरली नाही. शेठ हात मागे बांधून विद्यार्थ्यासारखा उभा होता. राममिलन त्या आकृतीत आपला डंपर शोधत होता.

मी काचेवर वाकलो. भेग जिथून सुरू झाली होती ती जागा खाली, वायपरजवळ, काकूंच्या बाजूला होती. बोट फिरवलं. टोचलं नाही. खड्डा नव्हता, पूड नव्हती. गोल वळी होती आणि आतल्या थरालाही भेग होती. काहीतरी जड, हळू पडलेलं. आणि ते आदल्या दिवशीचं असणार, कारण तिथे धूळ बसलेली होती. मार आधीच बसलेला होता. एसीच्या गारव्यानं आणि बाहेरच्या उन्हानं त्याची भेग झाली होती, एवढंच. डंपरचा त्यात काही संबंध नव्हता.

वायपरखालच्या जाळीत काहीतरी अडकलेलं दिसलं. मी नखानं काढलं. वाळलेली मूगवडी. शेजारी आणखी एक.

मी मान वर केली. तडकलेल्या काचेपलीकडून डोंगरेकाकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मांडीवर ठेवलेले हात हळूच जोडले.

सगळं माझ्या लक्षात आलं. नेपियर टाऊनला गच्चीवर माकडं येतात. अंगणात ऊन कुठे पडतं, तर गाडीच्या टपावर. पत्रा असा तापतो की वड्या दोन दिवसांत खडखडीत. सर दुपारी झोपलेले. काकूंनी टपावर धुतलेलं पांढरं धोतर अंथरलं, वड्या घातल्या, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवल्या. त्यांत एक वरवंटा होता. वड्या गोळा करताना धोतर ओढलं गेलं आणि वरवंटा टपावरून घरंगळत काचेवर आला. त्या संध्याकाळी काकू सरांना म्हणाल्या होत्या, "राहू द्या, आज मीच पुसते गाडी." हे सारं त्यांनी मला नंतर सांगितलं, पण मूगवडी हातात आली तेव्हाच अर्धं कळलं होतं.

मी वडी मुठीत धरली. सर म्हणाले, "काय वानखडे?"

मी म्हणालो, "गिट्टीच आहे, सर."

शेठ राममिलनकडे वळला आणि म्हणाला, "चाबी दे." राममिलननं किल्ली दिली. एकदाच म्हणाला, "भैया, तिरपाल बँधी थी." मग तो चालत निघून गेला. शेठनं दुसरा माणूस बोलावून डंपर नेला.

मी काच बदलून दिली. काकूंनी नंतर डबाभर मूगवड्या पाठवल्या. आमच्या घरी त्यांची भाजी झाली, आणि मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी राममिलन दुकानात आला. जुनी काच तेव्हा भिंतीला टेकून उभी होती. भांडायला आला असेल असं वाटलं, पण तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "काका, आप जानकार आदमी हो. एक बार फिर देख लो. शेठ कहता है काचवाला बोल दे तो चाबी वापस दे दूँगा."

तिथे सर नव्हते, काकू नव्हत्या. कुणाचं घर वाचवायचं नव्हतं. मी उठून काचेपर्यंत गेलो, वाकलो, बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "गिट्टी ही है भैया." निदान आदल्या दिवशीचं खोटं घाईत झालं, असं म्हणता येईल. या दुसऱ्या वेळेला काही म्हणता येत नाही.

काकूंना मी हे सांगितलं नाही. त्यांची समजूत अशी की ड्रायव्हरला चार शब्द ऐकावे लागले आणि विषय संपला. राममिलनला पुढे गिट्टीचं काम कुणी दिलं नाही. क्रशरच्या धंद्यात बातमी डंपरच्या आधी पोचते. तो रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचा पाण्याचा टँकर चालवायला लागला. तिथले ड्रायव्हर त्याला चिडवायचे, "काय गिट्टी वाले, संभल के, पानी से भी काँच फूट जाएगा." नाव पडलं ते पडलंच. मी रिछाईला जाणं टाळायला लागलो. दुकानात मात्र तशीच मान हलवत राहिलो. नारळ फुटो, क्रिकेटचा चेंडू लागो, गिट्टीच.

या वर्षी पावसाळा संपता संपता प्राचीनं जेवताना सहज सांगितलं. तिला मराठी सगळं समजतं, पण ती बोलते हिंदीत. "बाबा, रिछाई के ट्रक यार्ड में नए ड्राइवरों की क्लास शुरू हो रही है. लोड कैसे बाँधना, तिरपाल कैसे कसना. कोई पुराना उस्ताद रख रहे थे, राममिलन करके. फिर किसी ने कहा, अरे वो तो गिट्टी वाला है, जिसने प्रोफेसर का काँच फोड़ा था. तो कट गया बेचारे का."

मी हातातला घास ताटात ठेवला. प्राची म्हणाली, "क्या हुआ? आप जानते हो उसको?"

मी तिला सगळं सांगितलं. मूगवडीसकट. ती आधी हसली, मूगवडीला. मग हसायची थांबली. म्हणाली, "आपको पता था? और वो दुबारा आया था, तब भी?" आणि ताट उचलून आत गेली. माझी मुलगी माझ्याशी दोन दिवस फक्त कामापुरतं बोलली.

यार्डात जाऊन मला खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे काकूंचं नाव घ्यावं लागणार, आणि त्यांनी हात जोडले होते. म्हणून आधी नेपियर टाऊनला गेलो. सर समोरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. आता ते फार थकले आहेत, पण आवाज वर्गातलाच आहे. काकू स्वयंपाकघरात होत्या. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो आणि हळू आवाजात सांगितलं.

काकू पोळी लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं.

"त्याची नोकरी गेली होती?"

"हो."

"मग मला हे काहून नाही सांगितलं तुम्ही?"

"तुम्ही हात जोडले होते, काकू."

"मी हात जोडले ते यांच्यापुढं माझी लाज राखा म्हणून. गरिबाची भाकर काढून घ्या म्हणून जोडले होते का? मी मूगवड्या पाठवून राहिले तुम्हाला, आणि तुम्ही खाऊन राहिले." त्यांनी गॅस बंद केला. ओट्याखालून वरवंटा काढला, पदरानं पुसला आणि तशाच समोरच्या खोलीत गेल्या. मी मागे.

वरवंटा त्यांनी सरांच्या वर्तमानपत्रावर ठेवला.

"हे काय?" सर म्हणाले.

"तुमची गिट्टी."

मग त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सर ऐकत होते. मी दाराजवळ उभा होतो, पळता येईल अशा बेतानं. काकूंचं सांगून झालं तसे सर वरवंट्याकडे वाकले. मग त्यांनी चष्मा काढला.

"टपावरून घरंगळला?"

"हो."

"टपाला उतार किती असेल?"

"तुम्ही मोजा. मी वड्या गोळा करत होते."

सरांनी वरवंटा हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. "गणित बरोबर होतं," ते हळू म्हणाले. "दिलेली माहिती चूक होती."

"गणिताला काहून मधात आणता? माणसाचं नाव गेलं तिकडं."

सरांनी वरवंटा बाजूला ठेवला. मग मला म्हणाले, "वानखडे, तुला तर उत्तर माहीत होतं."

मी हो म्हणालो. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्यांनी काकूंना विचारलं, "माझा सदरा कुठे आहे? रिछाईला जायचं आहे."

प्राचीनं गाडी काढली. पुढे सर, मागे मी आणि काकू. काकूंच्या मांडीवर पिशवीत वरवंटा. "दाखवल्याशिवाय कोणाला खरं वाटेल?" त्या म्हणाल्या.

यार्डात धर्मकाट्याजवळ, म्हणजे जिथे ट्रकचं वजन होतं तिथे, पत्र्याच्या शेडखाली पंधरा-वीस ड्रायव्हर बसले होते. प्राचीनं मॅनेजरला आधीच फोन केला होता आणि राममिलनलाही बोलावून घेतलं होतं. तो टँकरला टेकून उभा होता. केस पांढरे झाले आहेत. त्यानं आम्हाला ओळखलं, पण पुढे आला नाही.

सरांनी काठी टेकून, वर्गात बोलायचे तशा हिंदीत बोलायला सुरुवात केली. "मैंने इस व्यक्ति पर आरोप किया था, कि इसकी गाड़ी के पत्थर से मेरी काच फूटी. वह आरोप गलत था. मैं सबके सामने वापस लेता हूँ." ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले. एकानं विचारलं, "तो फूटी कैसे, सर?"

काकूंनी पिशवीतून वरवंटा काढला. "भैया, पत्थर मेरा था. ये वाला. गाड़ी के ऊपर मूँग की बड़ी सुखा रही थी."

"गाड़ी के ऊपर?"

"तो कहाँ सुखाऊँ? छत पे बंदर आते हैं."

सगळं शेड हसलं. वरवंटा हातोहात फिरला. एकजण म्हणाला, "अम्मा, ये तो ट्रक का काँच भी फोड़ दे." राममिलनही हसला, पण थोडंसंच. वरवंटा त्याच्या हातात आला तेव्हा त्यानं तो बराच वेळ धरून ठेवला. मग काकूंच्या हाती परत दिला आणि माझ्याकडे आला.

"काका, सर को पता नहीं था. अम्मा डर गईं. आप काय को झूठ बोले?"

घरून मी एक उत्तर जुळवून आणलं होतं. घरातली शांतता, काकूंचे जोडलेले हात, असं सगळं त्यात होतं. त्याच्या तोंडाकडे बघून ते बोलवेना. मी म्हणालो, "वो अपने लोग थे. तुम डंपर वाले थे. मैंने इतना ही सोचा."

त्यानं मान डोलावली. "हओ," म्हणाला. "ये सही बोले." आणि टँकरकडे परत गेला.

मॅनेजरनं काम त्याला दिलं. राममिलननं एक अट घातली, आणि ती मला प्राचीकडून कळली. गाठ आणि दोर तो शिकवेल. पण नव्या ड्रायव्हरांना फुटलेली काच वाचताही आली पाहिजे, म्हणजे रस्त्यात कुणी बोट दाखवलं तर त्यांना स्वतःला बघता येईल, दुसऱ्याच्या तोंडावर अवलंबून राहावं लागणार नाही. आणि ते शिकवायला काचवाल्या काकांनीच यायचं.

त्यामुळे आता दर रविवारी सकाळी मी दुकानातल्या दोन-चार फुटक्या काचा प्राचीच्या गाडीत घालून रिछाईला जातो. चहा राममिलन सगळ्यांबरोबर मलाही देतो. माफ केलं असं तो म्हणालेला नाही आणि मी विचारलेलं नाही. पहिल्याच रविवारी त्यानं माझी ओळख करून दिली, आणि दर वेळी नवे ड्रायव्हर आले की तीच करून देतो:

"ये वानखडे काका हैं. काँच का सब जानते हैं. झूठ भी बोल लेते हैं. इसलिए जो ये बताएँ, अपनी उँगली फेर के देख लेना."

पोरं हसतात. मीही हसतो, आणि पहिली काच त्यांच्यापुढे ठेवतो. मी काय ते बोलायच्या आधीच वीस बोटं तिच्यावर फिरायला लागलेली असतात.